ट्रम्पेटवाल्याची पुण्यतिथी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याला पूर्व-पश्चिम छेदून जाणारा एक टोलचा महामार्ग आहे. २६ जून १९५६ च्या रात्री पाऊस लागला होता. बेडफर्ड गावाजवळ त्या रस्त्यावरून एक मोटार घसरली आणि कठड्याबाहेर गेली. आत तिघं होती. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊन, पियानोवादक रिची पॉवेल आणि गाडी चालवणारी रिचीची बायको नॅन्सी. फिलाडेल्फियाहून ती शिकागोच्या कार्यक्रमाला निघाली होती. तिघांपैकी कोणीही वाचलं नाही. क्लिफर्ड पंचवीस वर्षांचा होता. त्याच दिवशी त्याच्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली होती आणि बायकोचा, लरूचा, वाढदिवसही होता.

श्रोतेहो, स्मृतिव्याख्यानाला जमलेल्यांसमोर स्मृतिमैफलीबद्दल बोलायचं, असा आजचा बेत आहे. पुण्यतिथीला गाणं ठेवणं आपल्याला काही नवीन नाही. सवाई गंधर्व १९५२ मध्ये पुण्यात वारले आणि १९५३ पासून त्यांच्या नावाने भीमसेन जोशींनी संगीत महोत्सव सुरू केला. आज पुण्यातल्या डिसेंबरच्या थंडीशी तो इतका जोडला गेला आहे की सवाई गंधर्व सप्टेंबरात गेले होते हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतं. महोत्सवाने तारीख सोडली, माणूस सोडला नाही. २०११ च्या जानेवारीत भीमसेनही गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. गुरूची आठवण चालवणारा शिष्य स्वतःच आठवणीचा विषय झाला. ख्यालगायकीत हे सहज घडतं, कारण तिथे गुरूची बंदिश शिष्याच्या गळ्यात असते. पुण्यतिथीला शिष्याने ती गायली की निम्मं काम झालं.

जॅझमध्ये मामला अवघड होतो. तिथे वादकाचं खरं कर्तृत्व त्या रात्री, त्या क्षणी सुचलेल्या स्वरांत असतं. दुसऱ्या रात्री तेच स्वर पुन्हा वाजवले तर सोबतचे वादक भुवया उंचावतात. मग असा माणूस गेल्यावर त्याच्या नावाने वाजवायचं तरी काय? त्याचं रेकॉर्डवरचं वादन स्वरन् स्वर उतरवून वाजवलं तर ती नक्कल होते. आपलंच काहीतरी वाजवलं तर त्यात तो कुठे राहिला? या पेचातून अमेरिकेतल्या जॅझवाल्यांनी निरनिराळ्या वाटा काढल्या.

सगळ्यांत जुनी वाट न्यू ऑर्लिन्सची. तिथल्या अंत्ययात्रेत बँड असतो. स्मशानापर्यंत जाताना संथ प्रार्थनागीतं वाजतात आणि स्नेअर ड्रमचा आवाज कोंडावा म्हणून जुने ड्रमर त्याच्या तारांखाली हातरुमाल सरकवत. दफन झालं, मंडळी थोडी दूर आली, की रुमाल निघतो, ड्रम कडाडतो आणि तोच बँड नाचाची धून धरतो. मागून चालणारे लोक छत्र्या नाचवत सामील होतात. बाहेरच्या माणसाला हा उद्धटपणा वाटेल, पण न्यू ऑर्लिन्समध्ये याहून मोठा मान नाही.

दुसरी वाट न्यूयॉर्कची, रोख व्यवहाराची. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १२ मार्च १९५५ ला गेला आणि २ एप्रिलला कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ मध्यरात्रीची मैफल झाली. लेस्टर यंग, बिली हॉलिडे, डायना वॉशिंग्टन, थेलोनियस मंक, अशी मोठी मोठी मंडळी आली. हेतू पार्करच्या मुलांसाठी पैसे उभे करण्याचा होता. हयातभर पैशांच्या ओढाताणीत राहिलेल्या माणसासाठी त्या काळच्या जॅझ-जगतातले इतके दिग्गज एका रात्रीत एका मंचावर येतात, यातली खोच सांगायला नको. अशी मैफल एकदाच होते. हिशेब मिटला की संपते.

क्लिफर्डच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही अजून चालू आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी तो कोण होता ते पाहू.

विल्मिंग्टन हे डेलावेअर राज्यातलं सत्तर-एक हजार वस्तीचं शहर. फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर यांच्यामधल्या रेल्वेवर पडतं. ड्यूपाँ या रसायन कंपनीचं गाव म्हणून ते प्रसिद्ध. तिथल्या पूर्व भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीत ३० ऑक्टोबर १९३० ला क्लिफर्ड जन्मला, आठ भावंडांत सगळ्यांत धाकटा. बाप हौशी वादक होता, घरात वाद्यं पडलेली असत. बारा-तेराव्या वर्षी मुलाच्या हाती ट्रम्पेट आला. रॉबर्ट लॉवरी नावाचे एक शिक्षक त्याच वस्तीत मुलांना शिकवत. सगळे त्यांना बॉइझी म्हणत. आधी कान तयार करायचा, मग हात, अशी त्यांची रीत होती. क्लिफर्डची शाळा हॉवर्ड हायस्कूल. ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. पुढे क्लेमाँटसारख्या ठिकाणच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेच्या दारावरून पुढे जात इतक्या लांब या हॉवर्डला यावं लागतं, म्हणून पालक कोर्टात गेले. डेलावेअरच्या न्यायालयाने १९५२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तो खटला ज्या पाच खटल्यांतून १९५४ चा शाळांतला वंशभेद रद्द करणारा ऐतिहासिक निकाल आला त्यांतला एक झाला. क्लिफर्डच्या चरित्रात ही गोष्ट ओझरती येते. पण त्याच शाळेच्या बँडमध्ये जॅझ-ट्रम्पेटचा एक सर्वश्रेष्ठ वादक घडत होता, ही नोंद त्या खटल्याशेजारी वाचायला हवी.

त्याला गणित आवडे. कॉलेजात आधी गणितच घेतलं होतं, मग संगीताकडे वळला. १९५० च्या जूनमध्ये एका कार्यक्रमाहून परतताना मोटारीला अपघात झाला आणि तो जवळजवळ वर्षभर इस्पितळात आणि अंथरुणात अडकला. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी त्याला भेटायला आले आणि पुन्हा वाजवायला लागच, असं बजावून गेले. ट्रम्पेट पेलवेना तेव्हा तो पियानोवर बसला. सहा वर्षांनी मोटारीनेच त्याला नेलं. चरित्रकारांना या योगायोगाचा मोह आवरत नाही. इथे तो आवरू.

१९५३ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर तो युरोपला गेला. बँडच्या मालकांची सक्त ताकीद होती की दौऱ्यात कोणी बाहेर रेकॉर्डिंग करायचं नाही. क्लिफर्ड, आर्ट फार्मर, जीजी ग्राइस, क्विन्सी जोन्स ही पोरं रात्री हॉटेलातून गुपचूप सटकत आणि पॅरिसमध्ये, स्टॉकहोममध्ये स्टुडिओत जाऊन वाजवत. त्या चोरट्या रेकॉर्ड आज जॅझच्या अभ्यासक्रमात लावतात. नियम पाळला असता तर क्लिफर्डचा मोठा ठेवा आपल्या हाती लागलाच नसता.

१९५४ मध्ये ड्रमर मॅक्स रोचबरोबर त्याने पाच जणांचा बँड उभा केला. १९५५ च्या अखेरीस त्यात सॅक्सोफोनवर सोनी रॉलिन्स आला. या बँडचं नुसतं वर्णन करण्यापेक्षा एक रचना जवळून पाहू. क्लिफर्डने लरूच्या नावे केलेली ‘जॉय स्प्रिंग’. बत्तीस मात्रांचा नव्हे, बत्तीस मापांचा साचा, आठ-आठचे चार तुकडे. पहिला तुकडा एफ स्वराच्या घरात. कोणी साधा रचनाकार असता तर दुसरा तुकडा पहिल्याचीच पुनरावृत्ती ठेवली असती. क्लिफर्ड तीच चाल उचलतो आणि अर्ध्या स्वराने वर, जी-फ्लॅटमध्ये, ठेवतो. तिसरा तुकडा आणखी अर्धा स्वर चढून जी मध्ये सुरू होतो आणि तिथून वळणं घेत शेवटच्या तुकड्याला एफ च्या घरी परत आणून सोडतो. ऐकणाऱ्याला फक्त एवढंच जाणवतं की कोणीतरी खोलीतल्या खिडक्या एकामागून एक उघडतंय. वादकाला मात्र दर आठ मापांनी पट्टी बदलायची असते, आणि ट्रम्पेटला तीनच कळा असतात. उरलेलं सगळं ओठांनी. ओठांच्या ताणाने स्वर उंच जातो, ताण चुकला की फुटतो. क्लिफर्डचा फुटत नसे. अतिजलद ‘चेरोकी’त तो इतक्या वेगात शिरतो की सोबतच्या ड्रमरचीही परीक्षा होते, आणि तरी प्रत्येक स्वराला सुरुवात असते, शेवट असतो, गोलाई असते.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट त्या काळी सगळे सांगत. तो दारू-हेरॉईनच्या वाटेला गेला नाही. पार्कर नशा करी, आणि त्याचा प्रभाव इतका होता की नशा केल्याशिवाय तसं वाजवता येत नाही, असं तरुण वादकांना खरंच वाटे. रॉलिन्स स्वतः त्या गाळातून नुकताच बाहेर आला होता. चांगलं, सरळ आयुष्य जगून उत्तम जॅझ वाजवता येतं हे क्लिफर्डने दाखवलं, असं त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. हा रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून गेला. पुढे १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरवली तेव्हा तो पुन्हा आला, या खेपेला सॅक्सोफोन घेऊन. विल्मिंग्टनच्या मुलाचा असा एक धागा पवई तलावाकाठापर्यंत पोचतो.

आता त्या दोन गोष्टी.

पहिली गोष्ट एका धुनेची. अपघाताची बातमी न्यूयॉर्कला पोचली तेव्हा डिझी गिलेस्पींचा मोठा बँड हार्लेमच्या अपोलो थिएटरात वाजवत होता. दोन खेळांमधली सुटी होती. पियानोवादक वॉल्टर डेव्हिस रडत धावत आला आणि त्याने सांगितलं, ब्राउनी, म्हणजे क्लिफर्ड, गेला. बँडमधला सॅक्सोफोनवाला बेनी गोल्सन फिलाडेल्फियाचा. तो आणि क्लिफर्ड १९५३ मध्ये एकाच बँडमध्ये वाजवत होते. पण खेळाची वेळ झाली होती. पडदा वर गेला आणि डोळ्यांत पाणी असलेल्या माणसांनी तो खेळ पार पाडला. काही दिवसांनी गोल्सन पियानोवर बसला. एखादं शोकगीत झटक्यात सुचलं, असं झालं नाही. हे काम त्याने कित्येक दिवस घेतलं, एकेक स्वर घासूनपुसून ठेवला. क्लिफर्ड जशी चाल वाजवला असता तशी चाल हवी, हा त्याचा आग्रह. अशी झाली ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’.

या धुनेचं पुढे काय झालं हे पाहण्यासारखं आहे. १९५७ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या ली मॉर्गनने ती रेकॉर्ड केली. तो अठरा वर्षांचा होता आणि गोल्सन स्वतः त्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन वाजवत होता. त्याच उन्हाळ्यात गिलेस्पींनी न्यूपोर्टच्या महोत्सवात ती वाजवली. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगातल्या बहुतेक प्रत्येक गंभीर ट्रम्पेटवादकाने ती कधी ना कधी वाजवली आहे. गोल्सनने नकळत तो पेच सोडवला होता. धून ठरलेली आहे, तिच्यात क्लिफर्डचा स्वभाव बांधलेला आहे. आणि मधली जागा मोकळी आहे. मोकळ्या जागेत प्रत्येकाने आपलं सांगायचं. आपल्याकडची बंदिश आणि आलाप यांचं नातं ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच उमगेल, फरक इतकाच की इथे बंदिश गुरूने शिष्याला दिलेली नाही. मित्राने मित्रासाठी, तो गेल्यानंतर, केलेली आहे. गोल्सन २०२४ मध्ये पंचाण्णव वर्षांचा होऊन गेला. म्हणजे मित्राहून सत्तरएक वर्षं जास्त जगला.

दुसऱ्या गोष्टीआधी एक छोटी भानगड सांगायला हवी, कारण स्मृती कशी खोड्या करते ते तिच्यातून कळतं. १९७३ मध्ये कोलंबिया कंपनीने ‘द बिगिनिंग अँड द एंड’ नावाची रेकॉर्ड काढली. सुरुवातीला क्लिफर्डचं अगदी कोवळ्या वयातलं वादन, आणि शेवटी फिलाडेल्फियाच्या एका वाद्यांच्या दुकानात अपघाताच्या काही तास आधी त्याने केलेलं वादन, असं सांगितलं गेलं. लोकांनी ते शेवटचे स्वर श्वास रोखून ऐकले. पुढे अभ्यासकांनी तारखा तपासल्या तेव्हा ते ध्वनिमुद्रण सुमारे वर्षभर आधीचं निघालं. वादन तेच, एकही स्वर बदललेला नाही. तरी तारीख कळल्यावर ते वेगळं ऐकू येतं, आणि हा दोष क्लिफर्डचा नाही. स्मृतिमैफल भरवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. कारुण्य लवकर विकलं जातं आणि त्यामुळे संगीत ऐकायचं राहून जातं.

दुसरी गोष्ट विल्मिंग्टनचीच. १९८९ मध्ये शहराने क्लिफर्ड ब्राऊनच्या नावाने जॅझ महोत्सव सुरू केला. प्रवेश फुकट. मंच शहराच्या मधोमध रॉडनी चौकात. पूर्व किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा विनामूल्य जॅझ महोत्सव म्हणून तो मिरवला जातो. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणतात, डबे आणतात, गवतावर पसरतात. एका बाजूला ड्यूपाँ कंपनीने बांधलेलं भारी हॉटेल, समोर पोरं नाचत असतात. तिकीट नसल्यामुळे श्रोत्यांत ज्याला जॅझ आवडतो तो असतो आणि जो शनिवारची हवा खायला आलेला असतो तोही असतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला कमी लेखू नये. विल्मिंग्टनच्या पूर्व भागातला एखादा मुलगा आईबापांबरोबर आला, त्याने मंचावर ट्रम्पेट पाहिला आणि हा आपल्या गल्लीतल्या माणसाच्या नावाचा उत्सव आहे हे त्याला कळलं, तर महोत्सवाचं भाडं वसूल झालं.

रॉडनी चौकाचीही एक कहाणी आहे. हा चौक ज्याच्या नावाचा त्या सीझर रॉडनीने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. मतदानाला वेळेवर पोचावं म्हणून तो रात्रभर पावसात घोडा दौडवत फिलाडेल्फियाला गेला, म्हणून त्याचा अश्वारूढ पुतळा चौकात होता. याच रॉडनीकडे गुलामही होते. तीस वर्षं क्लिफर्डचा महोत्सव या पुतळ्याच्या पायाशी झाला. २०२० च्या जूनमध्ये शहराने पुतळा हलवला. १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंगच्या हत्येनंतर याच शहरात नॅशनल गार्डचे सैनिक आले आणि दंगल शमल्यावरही नऊ महिने रस्त्यांवर राहिले. विल्मिंग्टनच्या कृष्णवर्णीय म्हाताऱ्यांना तो काळ चांगला आठवतो. अशा शहराने आपल्या मधल्या चौकात वर्षातून काही दिवस फक्त एका ट्रम्पेटवाल्यासाठी ठेवावेत, हे आपोआप घडत नाही. नगरपालिकेच्या बैठका होतात, अंदाजपत्रकं मंजूर होतात, कोणीतरी दर वर्षी तेच दहा फोन करतं. स्मृती म्हटलं की आपण भावनेबद्दल बोलू लागतो. तिला चालवतात ते हे फोन.

आता मुंबईकडे येऊ. तिथेही एक ट्रम्पेटवाला होता, त्यामुळे येणं भागच आहे.

आंतोनियो शावियेर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देश तालुक्यातलं हळदोणे. मुंबईने त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखलं. हातात पांढरा रुमाल, घोगरा आवाज, लुई आर्मस्ट्राँगची लकब. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन शिकवत, त्यामुळे गोंयकार वादकाला कागदावरचं संगीत वाचता येई आणि म्हणून तो मुंबईत खपे. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक बिऱ्हाडांत, गावागावची मंडळी भाड्याने राहत, खुंटीला व्हायोलिन, खाटेखाली ट्रम्पेटची पेटी. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अॅबीने पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड आणला, पुढे टेडी वेदरफर्ड आला, आणि आपल्या वादकांनी ते जॅझ अगदी जवळून ऐकलं. चिकचा बँडही पुढे ताजमध्ये वाजला. मग स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली. क्लबांचा धंदा बसला आणि वादक दादर-ताडदेवच्या स्टुडिओंकडे वळले.

तिथे सी. रामचंद्र होते. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा हा रामचंद्र चितळकर आणि हळदोण्याचा हा चिक, यांची गट्टी जमली. १९५१ च्या ‘अलबेला’त एक गाणं सुरू होतं तेव्हा पडद्यावर भगवानदादा आणि गीता बाली आहेत, आणि मागे झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून जो बँड वाजवतो तो चिकचा खरा बँड आहे. कोणी नट आणून उभे केलेले नाहीत. १९५७ च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यातला ‘माका नाका’ हा कोकणी तुकडा स्टुडिओतल्या गोंयकार वादकांनी घातला, असं सांगतात. १९६६ च्या ‘आख़िरी ख़त’मध्ये एका गाण्यात चिक पुन्हा पडद्यावर दिसतो, ओठाला ट्रम्पेट लावलेला. पुढच्याच वर्षी तो गेला, एक्कावन्नाव्या वर्षी.

गाणी जिवंत आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये ब्रास बँडवाले ती अजून वाजवतात. पण तबकडीवर छापलं होतं ते चित्रपटाचं, गायकाचं आणि संगीतकाराचं नाव. वादकाला दिवसाची मजुरी मिळे. ज्याने सुरावटीभोवतीचे स्वर कागदावर बसवले, मधल्या जागा भरल्या, ट्रम्पेटच्या तुकड्यांना आकार दिला, त्याचं नाव कुठेही नसे. सी. रामचंद्रांना दोष देऊन उपयोग नाही, सगळा धंदाच तसा चाले. क्लिफर्डची ‘जॉय स्प्रिंग’ त्याच्या नावाने छापली गेली, म्हणून आज टोकियोतला वादकही ती त्याच्या नावाने वाजवतो. चिकने आपल्या नावाने संगीत दिलेले ‘नादान’सारखे दोन-तीन चित्रपट सोडले तर जे वाजवलं ते दुसऱ्याच्या नावाखाली गेलं. मुंबईला त्याचे स्वर पाठ आहेत आणि त्याचं नाव माहीत नाही. विल्मिंग्टनने क्लिफर्डचं केलं तसं मुंबईने चिकचं का केलं नाही, याचं अर्धं उत्तर शहराच्या कृतघ्नतेत नाही, त्या तबकडीच्या कागदी लेबलात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर जागेचं आहे. मुंबईची पहिली जॅझ यात्रा झाली त्या रंगभवनच्या उघड्या मंचावरचे कार्यक्रम नव्या शतकाच्या सुरुवातीला शांतता क्षेत्राच्या नियमामुळे थांबले. आसपास इस्पितळं, कोर्ट, कॉलेजं, त्यामुळे नियम चुकीचा होता असंही म्हणवत नाही. पण विल्मिंग्टनला जो चौक मिळाला तसा खुला, मधोमधचा, कोणालाही येता येईल असा मंच मुंबईतल्या ट्रम्पेटला उरला नाही. मग उरतं बंद सभागृह, तिकीट, आणि ज्यांना आधीच माहीत आहे तेच तीनशे लोक.

गोव्याने मात्र एक वाट काढून दाखवली आहे. ख्रिस पेरी हा मडगावचा ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाला २००२ मध्ये गेला. त्याच्या आणि गायिका लॉर्नाच्या आयुष्यावर बेतलेला ‘नाचुया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट बारद्रॉय बार्रेतो यांनी केला. त्यात पेरींची जुनी गाणी नव्याने वाजवून, नव्याने गाऊन घेतली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि ज्यांनी पेरींचं नावही ऐकलं नव्हतं ती गोंयकार पोरं ती गाणी म्हणू लागली. स्मृतिमैफलीचं काम एका चित्रपटाने केलं. हे शक्य झालं कारण ती गाणी पेरींच्या नावावर होती.

चिकच्या नावाने उद्या मुंबईत मैफल करायची म्हटलं तर सुरुवात भाषणांनी करू नये. पहिलं काम कागदांचं. स्टुडिओत लिहिलेल्या वाद्यांच्या बऱ्याचशा प्रती रद्दीत गेल्या, तेव्हा ‘अलबेला’ची मूळ गाणी कानाने ऐकून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बाँगो, सगळ्यांचे भाग पुन्हा लिहावे लागतील. त्यासाठी जुन्या तबकड्यांच्या खरखरीतून दुसऱ्या ट्रम्पेटचा स्वर वेगळा काढणारा कान हवा. एक नवी धून हवी, गोल्सनने केली तशी, चिकच्या स्वभावात बसणारी आणि मधली जागा मोकळी ठेवणारी. ती कोणाकडून करून घ्यायची हे आधी ठरवावं, आणि तिला संगीतकाराचं नाव लावून ती छापावी. मग जागा. आझाद मैदान नसेल तर एखाद्या शाळेचं पटांगण, संध्याकाळी सहा ते नऊ, प्रवेश फुकट, धोबीतलावपासून चालत येता येईल असं. वादक मुंबईत आणि गोव्यात आहेत, त्यांत चिकच्या जमान्यातल्या वादकांची नातवंडंही सापडतील. त्यांना फक्त मैफलीचं नव्हे, तालमीचंही मानधन द्यावं लागेल, आणि अंदाजपत्रकात तो आकडा ध्वनियंत्रणेच्या भाड्याच्या आधी लिहावा लागेल.